रंगाखालचा रंग

अंबरनाथ, आज

पॉलिश पेपर पाण्यात बुडवा. बोटांवर नको, लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडेल. आता बोनेटच्या डाव्या कोपऱ्यात, बिजागरीपासून वीतभर खाली, गोल गोल फिरवायला लागा. हात हलका ठेवा. एकदम जोर लावलात तर थेट पत्रा उघडा पडेल आणि मधली सगळी वर्षं बादलीत जातील.

हे तुम्हाला काका सांगताहेत. ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर आयुष्य काढून निवृत्त झालेला हा माणूस अंबरनाथच्या पूर्वेला, एमआयडीसीच्या वाटेवर, पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा लेथ मांडून बसला आहे. शेडला पाटी नाही. ज्याच्या गाडीचा बुश कुठेच मिळत नाही तो विचारत विचारत बरोबर इथे येतो.

समोरची जीप तुमची आहे. बदलापूरला उल्हास नदीच्या अंगाला, बंद पडलेल्या एका वीटभट्टीमागे करंजाच्या झाडाखाली ती उभी होती. चाकं मातीत रुतलेली, सीटच्या जागी पोत्यांचा ढीग, रेडिएटरच्या जाळीतून घाणेरीची फांदी बाहेर आलेली. स्टेशनला जाता-येता कितीतरी महिने तुम्ही ती पाहत होतात. एका रविवारी थांबलात, भट्टीवाल्यांच्या मुलाशी बोललात, भंगारवाला देणार होता त्याहून थोडे जास्त पैसे मोजलेत आणि क्रेन लावून ती इथे आणलीत.

"महिंद्राची असेल ना, काका?" पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतं.

काकांनी बोनेटवर तळहात ठेवला. "महिंद्राच्या जुन्या जीपचं बोनेट उंच. आतलं इंजिन उंच, म्हणून. हिचं बसकं आहे. ही त्याच्याही आधीची. लढाईतली, अमेरिकेहून आलेली."

मग ते गोणपाट अंथरून जीपखाली उताणे झोपले आणि तुम्हालाही खाली बोलावलं. टॉर्चचा झोत चेसिसच्या पुढच्या आडव्या पट्टीवर पडला. "ही गोल पाइपाची असती तर विलीज म्हटलं असतं. चौकोनी, पन्हाळीसारखी आहे. म्हणजे फोर्ड." त्यांनी एका बोल्टच्या माथ्यावरचं ग्रीस अंगठ्यानं पुसलं. तिथे इंग्रजी एफ अक्षर होतं, मुगाच्या दाण्याएवढं.

त्या अक्षरानं तुमची झोप उडवली. नंतर वाचून काढलंत. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्करानं 135 कंपन्यांना विचारलं होतं: हलकी, चारही चाकं ओढणारी, कुठेही जाणारी गाडी कोण देतं? पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या छोट्या कंपनीनं 49 दिवसांत पहिला नमुना उभा केला. इंजिन विलीजचं सरस ठरलं, आणि मग विलीजच्याच आराखड्यावरून फोर्डनंही गाड्या बांधल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे 6 लाख 40 हजार जीपगाड्या केल्या. फोर्डनं आपल्या गाडीच्या बोल्टवरसुद्धा आपलं अक्षर उठवलं. त्यांतला एक बोल्ट तुमच्या डोक्यावर, अंबरनाथच्या शेडमध्ये, अजून घट्ट बसलेला होता.

बादलीतलं पाणी दुधाळ व्हायला लागलं. वरचा पांढरा थर सुटतो आहे. मान खाली घाला, डोळे मिटू नका.

बदलापूर, 26 जुलै 2005

पाणी तुमच्या घोट्याला लागतं, मग पोटरीला. मंगळवारची दुपार आहे, उजेड मात्र तिन्हीसांजेचा. लोकल बंद आहेत. डोक्यावर पिशव्या घेऊन माणसं रुळांवरून चालत येताहेत. सांताक्रूझला या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला जाणार आहे, पण तो आकडा तुम्हाला नंतर कळेल. आत्ता कळतं ते एवढंच, की उल्हास नदीनं काठ सोडला.

भट्टी पावसाळ्यापुरती थंड आहे. प्लॅस्टिकखाली रचून ठेवलेल्या कच्च्या विटा पाण्यात बसताहेत. एकेक थर आवाज न करता पुन्हा चिखल होतो आहे. भट्टीवाले तिकडे पाहत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यातून ते शेडमध्ये शिरतात, पांढऱ्या जीपच्या पुढच्या हुकात दोरखंड अडकवतात आणि दुसरं टोक करंजाच्या बुंध्याला आवळतात. तुम्हीही दोर धरता. तळव्याची साल निघते.

"विटा परत पाडता येतील," ते पावसातून ओरडतात. "ही गेली तर गेली!"

पाणी स्टिअरिंगपर्यंत चढतं. जीप हलते, मागून उचलली जाते, दोर करकरतो. सुटत नाही. पाणी उतरतं तेव्हा ती जागेवर आहे, तोंड तेवढं नदीकडे फिरलं आहे. चेसिसच्या पोकळीत, गिअरबॉक्सवर, ड्रायव्हरच्या सीटखाली असलेल्या टाकीत, सगळीकडे तलम पिवळा गाळ. इंजिनातलं पाणी लगोलग काढून, ऑइल बदलून ते हातानं फिरवलं असतं तर वाचलं असतं. पण त्या आठवड्यात घराघरांतला चिखल उपसायचा होता, धान्य वाळवायचं होतं, पोरांची पुस्तकं दोरीवर घालायची होती. जीपची पाळी आलीच नाही. पिस्टन सिलेंडरला धरून बसले आणि तसेच राहिले.

तुम्ही शेडमध्ये परत येता ते हातात त्या गाळाची खपली घेऊन. काकांनी आज सकाळीच स्क्रू ड्रायव्हर खुपसून ती चेसिसमधून काढली. तुम्ही ती फेकत नाही, काडेपेटीत ठेवता. काका बघतात, काही बोलत नाहीत, आणि पेपर बदलून देतात. पांढऱ्याखाली पुट्टीचा करडा पट्टा लागतो, त्याखाली तांबडा. बादलीतलं पाणी विटकरी होतं.

उल्हासनगर, 1974

कानठळ्या बसतात. समोर पत्रा ठोकला जातो आहे, मागे वेल्डिंगचा चरचराट, शेजारच्या फर्निचरच्या दुकानातून पॉलिशचा उग्र वास. कॅम्प नंबर तीन. लष्करी बराकींच्या भिंती फोडून, त्यांना पुढे पडव्या काढून, वर मजले चढवून उभं राहिलेलं गॅरेज. नाक्यावरून कागदात गुंडाळलेलं दाल-पकवान येतं. काम न थांबवता एका हातानं ते खाल्लं जातं.

जीपचा धनी घाम पुसत उभा आहे. कल्याणहून मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत तो भाविकांची ने-आण करतो. "साईं, पेट्रोलनं खाल्लं मला," तो गॅरेजवाल्या सेठना सांगतो. गेल्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाचा हात आखडला आणि पेट्रोलचे भाव भडकले. डिझेल त्या मानानं स्वस्त आहे. म्हणून आज जीपच्या पोटातलं पेट्रोल इंजिन निघणार आणि ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन बसणार.

चेनपुलीवर ते जुनं इंजिन वर येतं. नीट बघून घ्या, पुन्हा दिसणार नाही. चार सिलेंडर, 2.2 लिटर, 60 अश्वशक्ती. माथा पोळपाटासारखा सपाट, कारण व्हॉल्व्ह वर नाहीत, बाजूला ब्लॉकमध्येच आहेत. हेडचे नट सोडले की आतलं सगळं उघडं. पाना, प्लास आणि चांगली नजर एवढ्यावर हे इंजिन खोलून बांधता येतं. रणांगणावर चिखलात उभं राहून बांधता यावं अशाच बेतानं ते घडवलेलं आहे.

गॅस कटर पेटतो. नवं इंजिन बसावं म्हणून चेसिसवरचे जुने माउंटिंग कापले जातात, नवे जोडले जातात. जोडाचा ओघळ ओबडधोबड आहे, पण पक्का. पलीकडे एक प्लिमथ टॅक्सी मोडीत निघते आहे. दादरहून पुण्याला घाट चढून जाणाऱ्या या लांबरुंद अमेरिकन टॅक्स्यांचे दिवस सरत आले. क्रोमचा बंपर वजनावर जातो, दरवाजे पत्र्याच्या भावानं जातात, आणि सहा सिलेंडरचं इंजिन घणाखाली.

तुमच्या ओठांवर येतं, की थांबा, असं करू नका, पन्नास वर्षांनी याच इंजिनासाठी लोक राज्य पालथं घालतील. पण आलेल्या पाहुण्यानं फक्त पाहायचं असतं. जीपचं इंजिन तराजूवर चढतं. सेठ वजन पुकारतात. धनी ते पैसे नव्या इंजिनाच्या हिशोबात वळते करतो.

गॅरेजच्या टोकाला एक फिटर बसला आहे. त्याच्या पुढ्यात डिझेल इंजिन आणि जीपचा जुना गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवायची चकती आहे. अशी चकती कुठल्या कंपनीनं केलेली नाही. त्यानं पुठ्ठ्यावर भोकांचा ठसा घेतला, ठसा लोखंडावर उतरवला, कानशीनं कडा घासली. उल्हासनगरच्या मालावरच्या 'मेड इन यूएसए' या शिक्क्याचा 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा उलगडा सगळा मुलूख हसत सांगतो. या फिटरच्या मांडीवरचा तुकडा पाहिलात तर त्या थट्टेमागचं सामर्थ्य कळेल. अमेरिकेची गाडी, आणि तिला जगवणारा भाग उल्हासनगरचा.

संध्याकाळी जीप तांबड्या रंगात न्हाऊन निघते. दुसऱ्या दिवसापासून तिचा आवाज बदललेला असतो, पण ती धावते. या दिवसाचं दुःख करत तुम्ही परतता आणि काकांना सांगता. ते मान हलवतात.

"डिझेल बसवलं नसतं ना, तर त्या टॅक्सीबरोबर हीपण गेली असती."

हे नीट ऐकून ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे. तांबड्याच्या आत आता निळं दिसतं आहे, धुवट, जुन्या शाळेच्या गणवेशासारखं.

कॅम्प ते कुर्ला, 1956

तुम्ही जीपच्या मागच्या बाजूला, पापडांच्या करंड्यांना टेकून बसला आहात. पहाट आहे. दोन्हीकडे लांबच लांब बराकी. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या तळासाठी बांधलेल्या, दोन हजारांवर. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं यांत उतरली. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथे कोनशिला बसवली आणि कॅम्पचं उल्हासनगर झालं. लोकांच्या तोंडी अजून कॅम्पच आहे.

युद्ध संपल्यावर लष्कराची उरलेली वाहनं लिलावात निघाली. डिस्पोजलचा माल. दोघा भावांनी मिळून ही जीप घेतली. सिंधमध्ये त्यांची पेढी होती, इथे डोक्यावर करंडी घेऊन त्यांनी सुरुवात केली. जीप आली त्या दिवशी त्यांनी तिच्यावरचा लष्करी हिरवा रंग स्वतःच्या हातानं झाकला. आकाशी निळा. वर्दीतली गाडी दारात नको, असं त्यांच्या आईचं म्हणणं पडलं.

मोठा भाऊ डावीकडे बसून चालवतो, कारण स्टिअरिंग डावीकडे आहे. पुढे बैलगाडी आली की त्याला समोरचं दिसत नाही. मग उजवीकडे बसलेला धाकटा अंग बाहेर काढून पाहतो आणि ओरडतो, "चल!" तेव्हा जीप पुढे काढायची. ठाण्यापर्यंत हे "चल" आणि "थांब" चालू असतं. दोन भावांचा एकमेकांवर एवढा भरवसा तुम्ही क्वचित पाहिला असेल.

माल उतरवून जीप कुर्ल्याला वळते, पाट्याची पट्टी तुटली आहे म्हणून. रस्त्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं आवार लागतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये ही कंपनी काढली. त्याआधी ते अमेरिकेत जाऊन आले, फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमली. 1947 मध्ये कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. फाटकातून आत्ता एक नवीकोरी गाडी निघते आहे. काळी, गोलाईदार, दाराएवढं रुंद बोनेट. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशा तीन नावांनी ती विकली जाते. हाडापेरानं गाडी एकच. पुढच्या बाकावर तिघं ऐसपैस बसतात, कारण गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगलाच आहे.

मुंबईला अमेरिकन गाड्यांची सवय जुनीच. 1928 मध्ये जनरल मोटर्सनं शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, तिथून शेवरलेट बाहेर पडायच्या. पण देशातच भाग बनवायची तयारी नसेल तर नुसती जोडणी नको, असं सरकारचं धोरण 1953 मध्ये ठरलं आणि अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. आता बाहेरची गाडी मिळणं दिवसेंदिवस दुर्मीळ होत जाईल. ज्यांच्याकडे आहे ते ती टिकवतील, भाग बनवून घेतील, एका गाडीतलं काढून दुसरीत घालतील. आपल्याकडचा जुन्या गाड्या जपण्याचा छंद नंतरचा. त्याच्या आधी ही निकड होती.

जीपला मात्र इथे दुसरं माहेर मिळालं. महिंद्रानं माझगावला विलीजच्या जीपगाड्या जोडायला घेतल्या. म्हणून कुर्ल्याच्या दुकानात धाकट्या भावाला पाट्याची पट्टी मिळते. दुकानदार जुनी पट्टी नव्या पट्टीवर ठेवून भोकं जुळवतो. जुळतात. पुढची कित्येक दशकं, गावोगाव, ही जीप याच एका गोष्टीमुळे जगणार आहे.

परतीच्या वाटेवर धाकटा भाऊ एका हातानं विंडशील्डची चौकट धरून गुणगुणतो. तुम्ही निळ्या बोनेटवर हात ठेवता. ऊन नसतानाही ते गरम आहे.

कल्याण कॅम्प, ऑक्टोबर 1945

अंधार. बेडकांचा आवाज, जवळच वालधुनीचं पाणी. बराकींच्या रांगेत अधूनमधून कंदील. दोन महिन्यांपूर्वी जपाननं शस्त्रं खाली ठेवली आणि आता हजारो माणसं घरी जायच्या हुकमाची वाट पाहत या तळावर पडून आहेत.

जीप तुमच्यासमोर आहे. हिरवी, कोरडी, चमक नसलेली, कारण चमकणारी गाडी विमानातून दिसते. तिच्यापाशी खाकी बनियनवर एक जवान उभा आहे. साताऱ्याकडचा. इंफाळच्या रस्त्यावर दोन वर्षं त्यानं गाडी हाकली आहे.

"जरा हिकडं या," तो तुम्हाला म्हणतो. "गंमत बघा."

तो डाव्या दिव्यामागची फुलपाखरी चावी सैल करतो आणि दिवा उचलून उलटा फिरवतो. रस्त्यावर पडणारा उजेड आता इंजिनावर पडतो. बोनेट उघडं टाकलं की रात्रीच्या अंधारात, कुणी कंदील न धरता, दोन्ही हात मोकळे ठेवून दुरुस्ती करता यावी म्हणून तो दिवा बिजागरीवर बसवला आहे.

"ज्यानं ही बनवली ना, त्येला ठावं हुतं," जवान म्हणतो. "गाडी कवातरी बंद पडणार, आन् तवा रात असनार."

त्याच्या वाक्यात या गाडीचं सगळं मर्म आहे. ती कधी बिघडणारच नाही असा आव तिच्या कर्त्यांनी आणला नाही. बिघडेल, आणि बिघडली की जो कुणी माणूस जवळ असेल त्याला ती उघडता यावी, अशी तजवीज केली. सिलेंडर कोणता, कॉइल कुठे, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल येतं की नाही, हे सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. डॉज असो, शेवरलेट असो, त्या काळच्या अमेरिकन गाडीचं बोनेट उचललंत की आत माणूस उभा राहील एवढी जागा असते. ती जागा दुरुस्त करणाऱ्यासाठी सोडलेली आहे. जुन्या गाडीचं वेड लागतं म्हणतात ते या जागेचं वेड असतं. तिथे तुम्ही शिरू शकता.

जवान गादी उचलून सीटखालच्या टाकीत काडी घालतो, पेट्रोल किती आहे पाहतो. मग बसतो आणि पायानं फरशीवरचा स्टार्टर दाबतो. इंजिन पहिल्या दमात बोलतं. हाच आवाज, एकोणतीस वर्षांनी तराजूवर चढणारा. तुम्ही पुढे जाऊन आडव्या पट्टीखालचा बोल्ट चाचपता. एफ. तो नवा आहे, कडा बोटाला टोचतात.

"उद्या गाड्या जमा करायच्या," तो इंजिन बंद करत म्हणतो. बोनेट लावताना तो त्यावर दोनदा थाप मारतो, बैलाच्या वशिंडावर मारतात तशी.

पुन्हा अंबरनाथ

"बास," काका म्हणतात.

तुम्ही हात उचलता. ओल्या फडक्यानं पुसल्यावर बोनेटच्या कोपऱ्यात एकात एक वळी दिसतात. मध्ये रुपयाएवढा हिरवा, त्याभोवती निळं वळं, मग तांबडं, मग करडं, सगळ्यांत बाहेर पांढरं. झाडाच्या कापलेल्या खोडात असतात तशी.

"आता सांगा," काका बादली उपडी करत विचारतात. "कुठल्या सालातली करायची?"

जुनी गाडी हातात घेणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो. बहुतेक जण म्हणतील, हिरवी करा, बोनेटवर पांढरा तारा काढा, प्रदर्शनात उठून दिसेल. पण हिरव्या थरात आपल्याला तारा सापडलेला नाही. जे सापडलं नाही ते काढायचं नाही. आणि हिरवी करताना निळी, तांबडी, पांढरी खरवडून टाकली तर दोघा भावांचं, त्या फिटरचं आणि करंजाला दोर बांधणाऱ्या भट्टीवाल्यांचं काय राहिलं?

इथून थोड्याच अंतरावर वालधुनीच्या काठी अंबरनाथाचं शिवमंदिर आहे. शिलालेखात शक 982 आहे, म्हणजे इसवी सन 1060. त्याच्या भिंतींवरच्या मूर्तींचे चेहरे उन्हापावसानं झिजले आहेत. ते कुणी नव्यानं कोरत नाही. दगड ढासळू नये, पाणी मुरू नये, एवढी काळजी घ्यायची आणि झीज तशीच ठेवायची. महाशिवरात्रीला लोटणाऱ्या गर्दीतल्या कुणालाही त्यात उणं वाटत नाही. तीच रीत तुम्ही जीपला लावायची ठरवता.

इंजिन मात्र पेट्रोलचंच बसवायचं. त्याला एक व्यवहाराचं कारणही आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी यात बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणायची. अट कडक आहे, पण हेतू चांगला आहे.

मूळ पेट्रोल इंजिनाच्या जातीचा ब्लॉक मिळवायला तुम्ही कुर्ल्याच्या भंगार बाजारात किती शनिवार घालवलेत, ते घरच्यांना विचारावं. अखेर मिळाला तो गंजलेला, चार भोकांत पाणी साचलेला. काकांनी बोअर मारून घेतले, नव्या मापाचे पिस्टन बसवले, व्हॉल्व्हच्या सीटा हातानं घासल्या. वॉटर पंपाचा बुश बाजारात नव्हता. तो त्यांनी पितळेच्या दांड्यातून लेथवर काढला. पितळेच्या सोनेरी चुऱ्यात त्यांचे हात मनगटापर्यंत माखले होते. बुश शाफ्टवर चढवून त्यांनी बोटानं फिरवला आणि कानाशी नेला. ज्या गावानं आयुष्यभर सूतभरही फरक न चालणारी कामं केली, त्या गावात जुनी गाडी बांधायला कारागीर शोधावा लागत नाही. तो शेजारीच राहत असतो.

1974 चे वेल्डिंगचे जोड तुम्ही घासून काढले नाहीत. मूळ जागी नवे माउंटिंग बसवले आणि जुन्या जोडावर फक्त गंजरोधक रंग दिला. खालचे थर न खरवडता गाडी वरून हिरवी केली. पण बोनेटच्या डाव्या कोपऱ्यातला तळहाताएवढा तुकडा तसाच ठेवून वरून पारदर्शक लॅकर मारलं. ती वळी आता कायमची दिसतील.

आज पहाटे तुम्ही पायानं स्टार्टर दाबलात. दोनदा खोकून इंजिन लागलं. काकांनी दिवा उलटा फिरवून आत पाहिलं, कुठे गळत नाही याची खात्री केली आणि बोनेट लावलं. लावताना त्यावर दोनदा थाप मारली.

जुन्या अमेरिकन गाड्या जपण्याचं श्रेय आपण संग्राहकांना देतो, आणि त्यांचं प्रेम खरं असतंच. पण संग्राहक येईपर्यंत त्या गाड्या रस्त्यावर ठेवल्या त्या मिस्त्रींनी. त्यांनी घातलेलं ठिगळ मूळ नव्हतं, म्हणून आपण नाक मुरडतो. त्या ठिगळामुळेच मूळ गाडी आपल्यापर्यंत पोचली.

तेव्हा तुमच्या आजोळी, वाड्याच्या मागे, ताडपत्रीखाली एखादी डॉज, शेवरलेट किंवा विलीज उभी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तीन कामं करा. तिची कागदपत्रं शोधा आणि चेसिस नंबर त्यांच्याशी ताडून पाहा. रंग खरवडण्याआधी एका कोपऱ्यात पाणी लावून हलक्या हातानं थर मोजा. आणि तिला शेवटचा हात कुणी लावला ते विचारून त्या मिस्त्रींच्या घरी जा. वही घेऊन जा. काय बदललं, का बदललं, कुठला भाग कुठून आणला, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या आणि वर त्यांचं नाव लिहा. गाडीची कागदपत्रं मालकांची नावं सांगतात; तिला जगवणाऱ्यांची नावं आपणच लिहायची आहेत, आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.